गोठवलेल्या दह्याचा खुलासा

दही फडक्यात बांधून टांगायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. ते टांगायचं कुठे, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या नळाला टांगलं तर मी भांडी कुठे विसळू, असं हिचं म्हणणं. खिडकीच्या गजाला टांगलं तर रस्त्यावरून जाणारे लोक वर बघत थांबायला लागले. शेवटी बाहेरच्या खोलीत माझी छत्री आणि ऑफिसची पिशवी असते त्या खुंटीवर मी ते गाठोडं लटकवलं, खाली पातेलं ठेवलं आणि निश्चिंत मनाने आंघोळीला गेलो. परत येऊन बघतो तर पातेलं कोरडं ठणठणीत आणि पिशवी तृप्त. आत तीन फायली होत्या. सोमवारी त्या परत नेल्या तेव्हा मी प्रत्येकीवर स्वतःच्या हाताने टिपण लिहिलं : 'सदर फायलीवर दह्याचे पाणी सांडले आहे. मजकूर सुरक्षित आहे. वास काही दिवस राहील.' खाली सही आणि तारीख.

हे टिपण आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढे जे झालं त्याचा दोष नशिबाला देण्याची पाळी कुणावर येऊ नये. नगरपालिकेच्या खाद्यपरवाना विभागात मी एकोणतीस वर्षं आहे, त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून. एवढ्या काळात माझ्या टेबलावरून एकही कागद नोंद झाल्याशिवाय पुढे सरकलेला नाही. लोक याला खडूसपणा म्हणतात. मी याला भक्ती समजतो. कुणी हातात टाळ घेतो, कुणी आवक रजिस्टर. ऐकणारा वर बसलेला आहे, त्याला दोन्हींचा ठेका कळतो.

मूळपदावर येतो. दही माझ्यासाठी नव्हतंच, ते आक्कासाठी होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. मला वाढवलं ते तिनेच. शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, पण शाळेला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. महिन्यापूर्वी तिच्या घशातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. जखमही भरत आली. पण घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पाणी पिताना तिला ठसका लागला, आतला टाका ताणला, आणि त्या क्षणापासून तिने गिळण्याशी आणि बोलण्याशी असे दोन्ही संबंध तोडले. डॉक्टर म्हणत होते की दोन्ही करायला काहीच हरकत नाही. आक्काचं तसं मत नव्हतं. तिने एक पाटी जवळ घेतली आणि लागेल ते त्यावर लिहायला सुरुवात केली. अक्षर इतकं सुंदर, की आमचे अपमानसुद्धा सुवाच्य होत होते.

"गार, मऊ आणि पोटभरीचं द्या," डॉक्टरांनी मला सांगितलं. "दही आणि फळं गोठवून द्या. गारव्याने घसा थोडा बधिर होतो, गिळताना दुखत नाही. एकदा भीती गेली की पुढचं सगळं सोपं आहे. दर गुरुवारी वजन करू. आत्ता त्रेचाळीस आहे. काटा बेचाळीसच्या खाली गेला तर मात्र मला नाकातून नळी घालावी लागेल."

आक्काने पाटी पुढे केली : 'मी ती काढीन.'

डॉक्टर हसले. आम्ही हसलो नाही. आम्ही तिला ओळखतो.

दुकानातलं आणून पाहिलं. तिने जिभेला लावलं आणि लिहिलं : 'साखर आणि रंग.' तेव्हा घरीच करायचं ठरलं. आता हे काम ही दहा मिनिटांत करून मोकळी झाली असती. पण मी म्हणालो, "आक्काने मला भरवलंय. हे मी करणार." ही म्हणाली, "करा." नुसतं 'करा'. तीस वर्षांच्या संसारात या शब्दाचा अर्थ 'करा' असा कधीच निघालेला नाही, तरी मी तो तसाच घेतला.

पहिल्या तुकडीत मी केळं कुस्करून दह्यात कालवलं आणि डबा भरून फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी डब्याचं झाकण निघेना. गरम पाण्यात धरल्यावर झाकण निघालं, पण दही डबा सोडेना. मी हातोडी घेतली. एक तुकडा उडाला तो थेट कपाटाच्या काचेवर. काच फुटली, तुकडा शाबूत. आक्काने बिछान्यातूनच तो हातात घेऊन पाहिला, उलटसुलट केला आणि लिहिलं : 'दगड.'

दुसऱ्या खेपेला पातळ दह्यात अख्खी द्राक्षं घातली. त्यांच्या गोट्या झाल्या. ज्या बाईला गिळायची धास्ती बसली आहे तिच्यापुढे मी बारीक गोट्यांची बशी ठेवली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. हिच्या आलं. तिने बशी उचलून नेली, आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी सगळी गोपनीय शेरेपुस्तकं आठवली.

समोरच्या दारात रसायनबाई राहतात. त्यांचं खरं नाव दारावर आहे, पण तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यामुळे त्यांना सगळे याच नावाने ओळखतात. हातोडीचा आवाज ऐकून त्या आल्या.

"भाऊ, पाणी हा तुमचा शत्रू आहे," दारातूनच म्हणाल्या. "दह्यातलं पाणी आधी काढा. उरलेलं गोठताना त्याचे मोठे स्फटिक होऊ देऊ नका. दर अर्ध्या तासाने ढवळा."

"दर अर्ध्या तासाने? मी ऑफिसला जातो."

"मग दही ऑफिसात न्या."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती ढवळाढवळ' असं लिहिणार होतो, पण तो उपरोध वाटला असता म्हणून 'घरगुती' एवढंच लिहिलं. घड्याळ लावून दर अर्ध्या तासाला फ्रीजर उघडला, ढवळलं, नीट निरीक्षण केलं, बंद केला. संध्याकाळी रसायनबाईंनी येऊन बोट घातलं. ते बोट सहज आत गेलं.

"गोठलं का नाही हे?"

"बाई, तुम्ही सांगितलंत तसं दर अर्ध्या तासाने उघडलं."

"आणि किती वेळ उघडं ठेवलंत?"

"पूर्ण निरीक्षण होईपर्यंत."

रसायनबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेने त्या वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघत असणार. मग म्हणाल्या, "वितळवणं या विषयात तुम्हाला पैकीच्या पैकी."

चौथ्या तुकडीच्या वेळी फ्रीजरमध्ये बर्फाचा एवढा थर चढला की आत ताटली जाईना. तो थर हिच्या केस वाळवायच्या यंत्राने घालवला. थर गेला, यंत्रही गेलं, आणि त्याचं पाणी खालच्या मजल्यावर गेलं. खालच्या मजल्यावर पोस्टमास्तर राहतात. त्यांच्याकडे येतोच, पण आधी लेबलांचं सांगतो. सगळ्या अनर्थाचं मूळ तिथे आहे, आणि कबूल करायला हवं की त्या मुळाला पाणी मीच घातलं.

पाचव्या तुकडीपर्यंत माझा गोंधळ उडायला लागला. कोणत्या डब्यात पेर म्हणजे नासपती, कोणत्यात स्ट्रॉबेरी, कशात मध एक चमचा, कशात दोन, काही कळेना. दुसऱ्या एखाद्या माणसाने डब्यांवर खुणा केल्या असत्या. मी एक रजिस्टर आखलं. रकाने सात : तुकडी क्रमांक, दिनांक, घटक, गोठण्याचा कालावधी, स्वरूप, सेवनकर्तीचा अभिप्राय, शेरा. आणि प्रत्येक डब्यावर त्याप्रमाणे लेबल. अक्षर ऑफिसचं, भाषा ऑफिसची. 'तुकडी क्र. ६. घटक : दही, पेर, मध. वापर दिनांकापासून दहा दिवसांच्या आत.' इतर लोक स्वयंपाक करताना गुणगुणतात, मी लेबलं लिहितो.

फसलेल्या तुकड्या वाया घालवणं जिवावर येई, म्हणून मी त्या शेजारीपाजारी वाटल्या. लेबलांसकट. सोबत अभिप्रायाची एक चिठ्ठी. आता हे कशासाठी चाललंय, हे कुणालाही सांगायचं नव्हतं, कारण आक्काने पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून ठेवलं होतं : 'माझ्या दुखण्याची दवंडी नको.' घशाचं ऑपरेशन झालं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती जेवत नाही हे आमच्या दाराबाहेर फक्त रसायनबाईंना ठाऊक होतं. विचारणाऱ्याला मी सांगे, "छंद आहे." पन्नाशी उलटलेल्या माणसाने छंद आहे म्हटलं की लोक ज्या करुणेने बघतात, तिच्यापेक्षा टीका परवडते.

आता पोस्टमास्तर. हे निवृत्त झाल्यापासून पत्रं पोचवत नाहीत, लिहितात. रस्त्यावरचा दिवा, कचऱ्याची गाडी, गच्चीवरची कबुतरं, सगळ्यांबद्दल त्यांचा पत्रव्यवहार चालू असतो. शुक्रवारी जिन्यात त्यांनी मला गाठलं. हातात माझीच बशी, बशीत तुकडी क्रमांक आठ.

"काय हो हेडक्लार्क, हा काय प्रकार आहे? घरात कारखाना काढलात?"

"छंद आहे."

"छंदाला तुकडी क्रमांक असतो? मी पण बाग करतो. माझ्या मिरच्यांवर नंबर नाहीत."

"व्यवस्थितपणा म्हणतात त्याला."

"आणि हे 'वापर दहा दिवसांच्या आत'? विकायची तयारी दिसते. माझ्या छतातून चार दिवस पाणी गळतंय ते याचंच. परवाना घेतलाय का?"

परवाना. हा शब्द मला, आमच्या जिन्यात, बशी हातात घेतलेल्या माणसाने विचारावा. मी सरळ उभा राहिलो. "पोस्टमास्तर, त्या विभागात मी एकोणतीस वर्षं आहे."

"म्हणूनच विचारलं. आतल्या माणसाला कोण विचारणार?"

"शंका असेल तर खुशाल तक्रार करा. नियमाप्रमाणे कारवाई होईल. माझ्या टेबलावर तक्रार दबत नाही."

हे शेवटचं वाक्य नसतं बोललो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण अहंकार बोलायला लागला की भजनाचे बुवाही पेटी थांबवून ऐकत बसतात. माझी काय कथा.

शनिवारी नववी तुकडी झाली. दही रात्रभर टांगून कोरडं केलेलं, पेर वाफवून मऊ केलेली, स्ट्रॉबेरी गाळणीतून घासून बिया काढलेल्या, एक पिकलेलं केळं, मध एकच चमचा. डब्यात न भरता कागद अंथरून ताटलीत पातळ पसरलं. तीन तासांनी ते अलगद मोडलं आणि त्याच्या बोटभर पट्ट्या निघाल्या. ही युक्ती हिची. रजिस्टरात मी ती 'सुधारणा' म्हणून नोंदवली, कुणाची ते लिहायचं राहून गेलं.

आक्काने पट्टीचं एक टोक ओठांत धरलं. आम्ही दोघं दाराआड उभे होतो. तिने डोळे मिटले. गळ्याची शीर हलली. मग बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग ते टोक थोडं आणखी आत गेलं. ती पट्टी संपायला वीस मिनिटं लागली. शनिवारी तिने तीन पट्ट्या खाल्ल्या, रविवारी सहा. पाटीवर लिहिलं : 'बरं आहे.' आक्काच्या शाळेत जी मुलं पुढे मोठी डॉक्टर-इंजिनिअर झाली त्यांच्या प्रगतिपुस्तकावरही याहून चांगला शेरा नाही. ही स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसली. मी मोठ्याने देवाचं नाव घेतलं आणि मग दह्याच्या वासाच्या त्या पिशवीत तोंड घालून फायली शोधायला लागलो.

त्याआधीच्या गुरुवारी काटा बेचाळीस किलो दोनशेवर होता. म्हणजे पुढच्या गुरुवारपर्यंत आमच्या हातात दोनशे ग्रॅम आणि नववी तुकडी होती.

सोमवारी सकाळी टपाल फोडलं. तिसरं पाकीट पोस्टमास्तरांचं. 'आपल्या विभागातीलच एक कर्मचारी राहत्या जागेत विनापरवाना गोठीव पदार्थांचे उत्पादन करीत असून...' सोबत पुरावा म्हणून लेबल क्रमांक आठ, व्यवस्थित सोलून चिकटवलेलं.

मी कागद हातात धरून बसलो. बाजूला ठेवता आला असता. चहाच्या कपाखाली ठेवता आला असता. आमच्या ऑफिसात त्या कपाखाली वर्षानुवर्षं सुखाने राहिलेले कागद आहेत. मी आवक रजिस्टर उघडलं आणि त्याला नंबर दिला. मग हे प्रकरण माझंच असल्यामुळे मी ते हाताळणं योग्य नाही, असं टिपण लिहून साहेबांकडे पाठवलं. साहेब पंधरा दिवसांच्या रजेवर होते. त्यांचा कार्यभार माझ्याकडे होता. टिपण दुपारी माझ्याकडेच परत आलं, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'.

योग्य ती कार्यवाही म्हणजे तपासणीचा आदेश. मी माझ्याच घराच्या तपासणीच्या आदेशावर सही केली आणि नोटीस स्वतःला बजावली. 'पाठवली' इथे एक सही, 'मिळाली' इथे दुसरी. दोन्ही सारख्याच आल्या म्हणून शिपायाने हरकत घेतली.

तपासणीला जो निरीक्षक निघाला तो माझ्याच हाताखाली तयार झालेला. सज्जन, कामसू माणूस. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून त्याला अगदी भरून आलं होतं.

"साहेब, तुम्ही शिकवलेलं एकेक आठवतंय," तो म्हणाला. "आधी नोंदवही बघायची, मग माल."

त्याने नोंदवही पाहिली. पान उलटलं. पुन्हा उलटलं.

"साहेब, एवढी चांगली नोंदवही मी एकाही परवानाधारकाकडे पाहिली नाही. अशी नोंदवही असल्यावर हे घरगुती आहे असं मी कसं लिहू?"

"खरं आहे ते लिहा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच भारदस्त वाटला.

ही ओट्याला टेकून उभी होती. "अहो, त्यांना सांगा ना ते कुणासाठी आहे."

"सेवन कोण करतं हा नियमात मुद्दा नाही."

"मग कुठे आहे तो मुद्दा?"

निरीक्षकाने दोन पट्ट्या नमुना म्हणून बाटलीत घातल्या. मग त्याने फ्रीजरच्या दारावर कागदाची पट्टी आडवी चिकटवली आणि दोन्ही टोकांना लाख लावली. लाख वितळवायला गॅस आमचाच पेटवला; ही म्हणाली, "काडेपेटी तिथे आहे," आणि बाहेर निघून गेली. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत, म्हणजे साधारण आठ दिवस, सील राहणार. निरीक्षक जाताना माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला. त्याच्यामागे बंद दाराआड नवव्या तुकडीच्या सतरा पट्ट्या होत्या.

संध्याकाळी आक्काने पाटीवर लिहिलं : 'पट्टी?' मी तिला वाफवलेली पेर गार करून दिली. तिने चमचा ओठांपर्यंत नेला, थांबली आणि खाली ठेवला.

रसायनबाई आल्या. "भाऊ, माझा फ्रीजर रिकामा आहे. आत्ता करू, उद्या सकाळी तयार."

"नाही बाई. आदेशातलं चौथं कलम. निकाल लागेपर्यंत संबंधिताने अन्य ठिकाणीही उत्पादन करू नये किंवा करवू नये."

"हे कुठल्या शहाण्याने लिहिलं?"

मी आदेशाची घडी घातली. ते कलम आठ वर्षांपूर्वी मी घातलं होतं. त्याबद्दल साहेबांनी माझं कौतुक केलं होतं.

"मी करते," ही म्हणाली. "मला नोटीस आली नाही."

"करवू नये, असंही आहे त्यात."

ही हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. अगदी शांत आवाजात म्हणाली, "मग आक्कांना ते कलम वाढा. मऊ आहे का ते बघा आधी."

मंगळवारी आक्का पाण्यावर होती, तेही चमच्याने. मंगळवारी दुपारी पोस्टमास्तर ऑफिसात आले, तक्रारीचं काय झालं विचारायला. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे कारवाईचं सांगायला निघालो, आणि 'सील' या शब्दाशी आल्यावर पुढचंही तोंडातून गेलं. घसा, ठसका, काटा, नळी. दवंडी नको म्हणाली होती, तरी गेलं.

पोस्टमास्तर खुर्चीत बसले. हातातली टोपी त्यांनी टेबलावर ठेवली. "माझ्या दोन्ही मुली त्यांच्या शाळेत होत्या," ते म्हणाले. "छंद म्हणालात तुम्ही. छंद म्हणालात म्हणून मी... आणा इकडे तो कागद. तक्रार मागे घेतो."

"नमुना घेतल्यानंतर तक्रार मागे घेता येत नाही."

"का?"

"परिपत्रक आहे. दबावाखाली लोक तक्रारी मागे घ्यायचे, म्हणून."

"परिपत्रक कुणाचं?"

"माझं."

"हेडक्लार्क," पोस्टमास्तर उठत म्हणाले, "मी चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली. नियमाने वागणारी माणसं पुष्कळ पाहिली. पण स्वतःला असं चारी बाजूंनी शिवून घेतलेला माणूस पहिल्यांदा पाहतोय."

बुधवारी सकाळी मी आक्काच्या खोलीत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचं मनगट चादरीवर होतं, आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या बांगड्या कोपराजवळ सरकल्या आहेत. या हाताने तिने मला पाढे न आल्याबद्दल मारलं आहे आणि लगेच त्याच हाताने जेवायला वाढलं आहे. उद्या गुरुवार होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन सुरी घेतली आणि फ्रीजरसमोर उभा राहिलो. सील तोडायचं ठरलं होतं. माझ्या मनात त्याबद्दल काही शंका नव्हती. फक्त तोडण्याआधी टिपण कसं लिहावं, एवढंच जुळत नव्हतं. 'अपरिहार्य कारणास्तव' लिहावं, तर कारण काय ते लिहावं लागणार. 'मानवतेच्या दृष्टीने' हे जरा भाषणासारखं होतं. 'विशेष बाब म्हणून' चाललं असतं, पण विशेष बाबीला साहेबांची पूर्वपरवानगी लागते, आणि साहेब म्हणजे सध्या मीच, म्हणजे मी मला आधी विचारायला हवं होतं. असा मी सुरी वर धरून किती वेळ उभा होतो देव जाणे. खांद्यावर हात पडला.

आक्का होती. चादर अंगाभोवती लपेटलेली, भिंतीला धरत धरत आलेली. लहानपणी रस्ता ओलांडताना जशी बाजूला करायची तसं तिने मला दोन बोटांनी बाजूला केलं. सील कसलं आहे हे वाचलंसुद्धा नाही. नखाने लाख खरवडली, कागदाची पट्टी एका झटक्यात ओढून काढली, दार उघडलं, ताटली घेतली आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून खायला लागली.

मी सुरी जागेवर ठेवली. ही दारात येऊन उभी राहिली आणि तोंडाला पदर लावला.

ताटली निम्म्याहून अधिक रिकामी झाली तेव्हा दार वाजलं. निरीक्षक. सील लावल्यावर तिसऱ्या दिवशी ते शाबूत आहे का हे पाहायचं असतं, ही पद्धतसुद्धा... जाऊ द्या. तो थेट आत आला, फ्रीजर पाहिला, फरशीवरचा कागद पाहिला, ताटली पाहिली. त्याचा चेहरा उतरला. पण त्याने फॉर्म काढला. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसंही वाटलं.

"साहेब, सील कोणी तोडलं?" तो खाली मान घालून म्हणाला. "मी 'आढळून आले नाही' असं लिहू शकतो. तुम्ही म्हणाल तसं."

एकोणतीस वर्षांत मला कुणी असं काही सुचवलं नव्हतं. मी त्याच्या फॉर्मवर बोट ठेवलं. "मी तोडलं," मी म्हणालो. "माझं नाव लिही."

"खोटं लिहू नकोस."

आवाज घोगरा होता, मधेच तुटत होता, पण कुणाचा आहे याबद्दल शंकेला जागा नव्हती. निरीक्षक आपोआप सावधान उभा राहिला. मीही राहिलो. आक्काने तोंडातला घास गिळला, सावकाश, पूर्ण गिळला, आणि मग पुढे बोलली.

"हा सुरी घेऊन नुसता उभा होता. याला लहानपणापासून असंच आहे. तोडलं मी. लिही."

"कारण, बाई?" निरीक्षकाने विचारलं. त्याच्या तोंडून 'बाई' कसं निघालं ते त्यालाही कळलं नसावं.

"भूक लागली होती," आक्का म्हणाली. "आणि अक्षर नीट काढ. उभं राहून कशाला लिहितोस, बस तिथे."

तो बसला आणि नीट अक्षरात लिहिलं. 'जप्त मालाची सद्यःस्थिती' या रकान्याशी येऊन तो थांबला आणि ताटलीकडे बघायला लागला. सतरातल्या सात पट्ट्या शिल्लक होत्या. त्याने 'सात' लिहिलं. आक्काने आणखी एक उचलली. त्याने 'सात' खोडून 'सहा' केलं आणि बाजूला सही केली. मग आणखी दोनदा खोडल्यावर पेन बंद करून म्हणाला, "साहेब, मी जरा थांबतो. संपलं की एकदमच लिहीन."

गुरुवारी काटा बेचाळीसवर आला आणि थरथरत तिथेच राहिला. डॉक्टरांनी खाली वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "खाली म्हणजे खाली," आक्का म्हणाली. "बेचाळीस म्हणजे खाली नाही." डॉक्टरांनी नळीचा कागद मिटून खिशात ठेवला. दहावी आणि अकरावी तुकडी हिने केली, रसायनबाईंच्या फ्रीजरमध्ये. पेर पोस्टमास्तर घेऊन आले. चौथं कलम मी त्या आठवड्यात वाचलं नाही. लेबल लावलं नाही. रजिस्टर आक्काने मागून घेतलं आणि त्यातल्या माझ्या शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून परत दिलं.

प्रयोगशाळेचा निकाल पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी आला. नमुना वाटेतच वितळल्यामुळे तो 'पेय' या सदरात मोडतो, तरी संबंधित विभागाकडे स्वतंत्र अर्ज करावा, असं त्यांचं म्हणणं. त्याच टपालात साहेबांचं पत्र होतं, रजेवरून आल्या आल्या लिहिलेलं. शासकीय सील भंग झाल्याप्रकरणी हेडक्लार्क यांनी तीन प्रतींत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा सेवापुस्तकात नोंद घेतली जाईल.

एकोणतीस वर्षांत पहिली नोंद. मी पत्राला आवक नंबर दिला. कोरा कागद घेतला, विषय लिहिला, संदर्भ लिहिला. पुढे पाच पानं लिहिण्याइतका मजकूर माझ्याजवळ होता, कलमांसह. ती पानं मी कोरीच ठेवली. मग दोनच वाक्यं लिहिली, तीन प्रती काढल्या, सही केली, आणि सेवापुस्तक स्वतःच कपाटातून काढून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

'महोदय, नोंद घ्यावी. काल गुरुवारच्या वजनाची चिठ्ठी सोबत जोडली आहे : त्रेचाळीस किलो शंभर.'